डिपॉझिट देण्याआधी: निगमची नोटीस आलेलं घर

आम्ही इंदुरात भाड्याची घरं दाखवतो आणि करारनामे करून देतो. हे पत्रक भाडेकरूंसाठी आहे. मालकांनी वाचलं तर उत्तमच.

पावसाळ्याआधी नगर निगम जर्जर घरांची यादी काढतं आणि मालकांना नोटिसा देतं: दुरुस्त करा, नाहीतर उतरवून घ्या. काही मालक ती नोटीस कपाटात ठेवतात, वरून रंगाचा हात मारतात आणि जुलैत, ॲडमिशनच्या गर्दीत, तेच घर भाड्याने लावतात. ताजा रंग आणि आजूबाजूपेक्षा कमी भाडं, दोन्ही एकत्र दिसलं की आम्ही आधी छत बघतो. तुम्हीही गॅलरीखाली उभं राहून वर पाहा. प्लास्टर सुटून गंजकी सळई दिसत असेल तर पुढची बोलणी थांबवा. मेन बोर्डवर आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबा. खटका पडायलाच हवा.

जिना आणि पार्किंग मात्र नीट बघा. मे २०२२ मध्ये स्वर्णबाग कॉलनीत भाडेकरू राहत असलेल्या इमारतीत खालच्या गाड्यांना लावलेली आग वर पसरली आणि सात जण गेले. आग लावणारा भलताच होता, पण सुरक्षेची सोय नव्हती म्हणून मालकावरही गुन्हा नोंदला गेला. बाहेर पडायची वाट एकच, तीही गाड्यांमधून, असं घर स्वस्तात मिळालं तरी आम्ही सुचवत नाही.

कायदा काय म्हणतो? संपत्ती हस्तांतरण अधिनियम १८८२, कलम १०८: घरातला मोठा दोष मालकाला ठाऊक असेल आणि तुम्हाला साध्या पाहणीत कळण्यासारखा नसेल, तर तो सांगणं मालकावर बंधनकारक आहे. मालकाने करायची दुरुस्ती कळवूनही वाजवी मुदतीत झाली नाही, तर ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण करारात उलट लिहिलं असेल तर हा आधार डळमळतो. तयार छापील करारात ‘टूट-फूट की जवाबदारी किरायेदार की रहेगी’ ही ओळ हमखास असते, आणि सही करताना ती कोणी वाचत नाही. ती खोडून घ्या. छत, भिंती, ड्रेनेज, वायरिंग मालकाकडे, आणि ‘या घरावर निगमची कोणतीही नोटीस प्रलंबित नाही’ हे वाक्य करारात घाला. सज्जन मालकाला यात अडचण नसते.

पोलीस ठाण्यात माहिती द्यायला मालक तुमचं आधार आणि फोटो घेतोच. मग तुम्ही संपत्तिकराची पावती मागण्यात संकोच कसला? त्यावरच्या खाते क्रमांकावरून झोन कार्यालयात चौकशी करा. माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची. तोवर घर दुसऱ्याने घेतलेलं असतं. राहायला गेल्यावर अडचण आली तर निगमचं ३११ ॲप किंवा सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार करा. आणि मालकाला आधी लेखी कळवा. व्हॉट्सॲपही चालेल, फोनवर बोलण्यावर भागवू नका.

मालकांना एवढंच: नोटीस आली असेल तर आमच्यापासून लपवू नका. दुरुस्ती झाल्यावर बिलं आणि फोटो घेऊन या, तोवर घर आमच्या यादीत येणार नाही. आम्ही लावून दिलेल्या घराची नोटीस लपवली होती असं पुढे निघालं, तर भाडेकरूची दलाली आम्ही परत करतो.