पार्श्वभूमी : ई-पीक पाहणी आणि वापरणाऱ्याचा अनुभव

मराठवाड्यात यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याच्या अनुभवाची रचना, शिकणारी मुलं सरावाला हटकून जेवण मागवायचं अ‍ॅप घेतात. घरची मंडळी हंगामागून हंगाम ज्या अ‍ॅपशी झुंजतात, ते ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातलं पीक सातबाऱ्यावर नोंदवायचं सरकारी अ‍ॅप. अभ्यास करावा तर याचाच.

यूएक्स ही संज्ञा 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या संगणक उद्योगात रुजली. पिकाची पाहणी त्याहून कितीतरी जुनी. निजामी दप्तर उर्दूत होतं. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमीन आणि पिकाची नोंद, झालं. जमिनीच्या वादात लोक आजही ते काढतात. पुढे पीक लिहिणं हे तलाठ्याचंच काम राहिलं.

15 ऑगस्ट 2021 ला ते काम राज्यभर शेतकऱ्याच्या मोबाईलवर आलं. सगळा वाद, नोंद शेतकऱ्याकडे देण्याच्या या निर्णयाचा. तलाठी चावडीत बसून मागच्या वर्षीचंच पीक उतरवतो, ही तक्रार जुनी होती, म्हणून हेतू पटण्यासारखा. पण तलाठ्याच्या सवयीचा नोंदीचा नमुना होता तसाच शेतकऱ्याच्या हाती ठेवला. बांधावर हिशेब एकर-गुंठ्याचा, अ‍ॅप मागतं हेक्टर-आर. 20 गुंठे पेरले तर 0.20 भरायचं, टिंब एक घर सरकलं की क्षेत्र दहापट. मग पिकाचा वर्ग : 'निर्भेळ' (एकच पीक) की 'मिश्र'? सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ही इथली रीत. दोन्ही पिकांचं क्षेत्र वेगळं कसं सांगायचं, तिथे शिकलेला पोरगाही अडतो.

फोटो शेतात उभं राहूनच काढायचा, ही अट त्याहून जाचक. खोट्या नोंदी थांबायलाच हव्यात, पण वापरणारा कोण, हे आधी विचारायला हवं होतं. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात आणि रब्बीची पाहणी नेमकी त्यानंतर येते. मागे रान बटईवर, पेरणारा वेगळा, सातबाऱ्यावर नाव तिसऱ्याचंच.

2022 च्या नव्या आवृत्तीनं बरंच सावरलं. शेतकऱ्याचं स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरलं गेलं, तलाठ्याकडे 10 टक्के नोंदींची पडताळणी राहिली आणि 48 तासांत स्वतःची नोंद स्वतः दुरुस्त करता येऊ लागली. चुकलं तर मागे फिरता यावं, हा यूएक्सचा जुना नियम; तो पहिल्याच दिवशी पाळायला हवा होता. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, ही सोय मात्र गाव ओळखून केलेली. घरात एकच धड फोन असतो.

तोवर या नोंदीवर पैसा अवलंबून झाला होता. हमीभावाच्या खरेदीला ती लागते. 2023 च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाच्या अर्थसाहाय्यालाही तीच अट होती; ज्यांची नोंद राहिली ते ओरडले, तेव्हा ती शिथिल झाली. अलीकडे शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या क्षेत्राची नोंद करायला गावोगाव सहायक नेमले जातात.