२८ टॅकल आणि वडापावचा दहावा हिस्सा

२८ ऑक्टोबर २०२३ ला पॅरिसमध्ये रग्बी वर्ल्डकपची फायनल झाली, साऊथ आफ्रिका १२, न्यूझीलंड ११, आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि आमच्या नायगावच्या घरात त्या मॅचमध्ये सगळ्यात जास्त राबलं कोण यावरून सुरू झालेलं भांडण अजून मिटलेलं नाहीये. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझा मावसभाऊ, बंड्यादादा. दादाचं म्हणणं एका वाक्यात संपतं: साऊथ आफ्रिकेच्या पीटर-स्टेफ डु टॉयने २८ टॅकल केले, म्हणजे बॉल घेऊन येणाऱ्याला २८ वेळा धरून पाडलं, मॅन ऑफ द मॅच झाला, विषय संपला. मी म्हणते न्यूझीलंडचा नंबर एट, आर्डी सव्हिया. त्या वर्षीचा जगातला बेस्ट प्लेयर तोच ठरला होता, उगाच नाही.

रग्बी युनियनमध्ये टीमला १५ जण, त्यातले ८ फॉरवर्ड आणि ७ बॅक. स्क्रममध्ये हे आठ फॉरवर्ड एकमेकांत अडकून समोरच्या आठांना ढकलतात, आणि सगळ्यात मागे जे तिघं लागतात ती बॅक रो: दोन फ्लँकर आणि एक नंबर एट. यांचं काम म्हणजे बॉल जिथे असेल तिथे आधी पोचणं. पाडणं, पडणं, उठणं, परत पळणं. यात एक गंमत आहे, बहुतेक देशांत मोकळ्या बाजूचा फ्लँकर ७ नंबर घालतो आणि अरुंद बाजूचा ६, साऊथ आफ्रिकेत बरोब्बर उलटं. म्हणजे डु टॉयच्या पाठीवर ७ असला तरी कामाने तो न्यूझीलंडच्या ६ नंबरवाल्याच्या, शॅनन फ्रिझेलच्या जोडीचा, ७ नंबरवाल्या सॅम केनच्या नाही. नुसते नंबर बघून तुलना केलीत की तिथेच फसलात.

आता २८ टॅकल. आकडा जबरदस्तच आहे, त्यात वाद नाही. पण आमच्या गल्लीतलं कुठलंही कबड्डीचं पोर तुम्हाला सांगेल की डाव्या कॉर्नरच्या पकडी मोजायच्या तर आधी हे बघा की चढाईला येणारा त्याच्या बाजूला गेला किती वेळा. दुसऱ्या टीमचे रेडर त्याला घाबरून उजवीकडेच जात असतील तर त्याच्या नावावर पकडी कमीच दिसणार, आणि तो मात्र मैदानावरचा सगळ्यात भारी डिफेंडर असणार! टॅकलचं अगदी तसंच. समोरच्या टीमकडे बॉल जेवढा जास्त वेळ तेवढे तुमचे टॅकल जास्त, आणि त्या रात्री बॉल जास्त वेळ न्यूझीलंडकडेच होता. समजा एका फ्लँकरने २० टॅकल केले पण त्याच्या टीमला एकूण १३० करावे लागले, तर त्याचा वाटा झाला १५ टक्के. दुसऱ्याने केले १२, पण टीमचे एकूण ६०च, म्हणजे २० टक्के. जास्त राबला कोण? पेपरमध्ये फोटो पहिल्याचा येतो.

शिवाय मिनिटं सारखी नसतात. त्या फायनलमध्ये दोन्हीकडच्या मिळून सहा बॅक रोवाल्यांपैकी तिघांना कार्ड मिळालं: फ्रिझेलला यलो (म्हणजे दहा मिनिटं बाहेर), साऊथ आफ्रिकेचा कॅप्टन कोलिसीला यलो आणि केनच्या यलोचं पुढे रेड झालं, म्हणजे तो उरलेली सगळी मॅच बाहेर, पुरुषांच्या वर्ल्डकप फायनलमधलं पहिलं रेड कार्ड. म्हणजे सव्हिया जवळजवळ तीन चतुर्थांश मॅच १४ जणांच्या टीममध्ये खेळला. तिकडे साऊथ आफ्रिकेने बेंचवर सात फॉरवर्ड आणि एकच बॅक ठेवला होता, त्यातला क्वागा स्मिथ दमलेल्या लोकांसमोर ताजातवाना उतरतो, त्याचा दर मिनिटाचा आकडा चांगला दिसणारच की. आणि मिनिटं म्हणजे तरी कुठली, ८० मिनिटांच्या मॅचमध्ये बॉल खरोखर खेळात असतो तो साधारण ३५ मिनिटं, बाकी स्क्रम लावा, लाइनआउट लावा, रेफरी टीव्ही बघतोय, कोणाची तरी बुटाची लेस. भागायचं तर त्या ३५ ने भागा.

इथपर्यंत दादा कसाबसा मान हलवतो. खरी मारामारी पुढे आहे, कारण कोण किती राबतो त्याला वर्क रेट वर्क रेट म्हणतात त्यातलं वर्क म्हणजे काय हेच कोणी विचारत नाही.

शाळेत शिकवलेलं आठवा, काम म्हणजे बल गुणिले विस्थापन. डु टॉयची उंची २ मीटर, वजन ११५ किलोच्या आसपास. टॅकल केल्यावर जमिनीवरून उठताना त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य साधारण ८० सेंटीमीटर वर जातो असं धरा, म्हणजे एका वेळी ९०० ज्यूल. २८ वेळा उठला तर २५ हजार ज्यूल, ऐकायला प्रचंड वाटतं पण कॅलरीत बदललं की फक्त ६ किलोकॅलरी! स्नायू काही शंभर टक्के कार्यक्षम नसतात, पाचातले चार भाग उष्णतेत जातात, ते धरलं तरी ३० च्या आसपास. एका वडापावात अडीचशे-तीनशे असतात. म्हणजे वर्ल्डकप फायनलमध्ये २८ वेळा उठून उभं राहायची किंमत वडापावचा दहावा हिस्सा, त्यात चटणी पण नाही.

मग माणूस मरेस्तोवर दमतो कशाने? एक कारण म्हणजे उठणं हा हिशोबाचा लहानसा तुकडा आहे, खरी ताकद जाते धडकेत आणि धडकेनंतरच्या कुस्तीत. १०० किलोचा माणूस सेकंदाला ६ मीटरने येतोय, १,८०० ज्यूल, ते तुम्हाला अर्ध्या सेकंदात खांद्यावर झेलायचे आहेत. आणि रकमध्ये, म्हणजे पडलेल्या माणसावर दोन्हीकडचे लोक ढकलाढकली करतात तेव्हा, कोणीच हलत नाही. विस्थापन शून्य म्हणून फिजिक्सच्या व्याख्येने काम पण शून्य. संध्याकाळी सहाच्या विरार फास्टमध्ये दारात उभं राहून मागच्या वीस जणांना अंगावर पेलताना पण तुम्ही शून्य काम करत असता, घाम कशाचा आला ते विचारू नका. स्नायू आखडून धरायलाच ऊर्जा लागते, तो जागचा हलो न हलो. खेळाडूंच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये जो जीपीएसचा डबा असतो तो किती पळाला हे छान सांगतो, पण रकमध्ये रगडला जाणारा माणूस त्याच्या लेखी फूटपाथवर उभा आहे. म्हणून त्याच डब्यात अ‍ॅक्सेलरोमीटर पण असतं, धडका त्यात उमटतात. तरी दुसऱ्या दिवशी रक्तात क्रिएटिन कायनेज नावाचं एन्झाइम किती वाढलंय हे बघितलं की स्नायूंची किती तोडफोड झाली ते जास्त खरं कळतं असं आपलं माझं मत.

दुसरं कारण वेळेचं. पूर्ण ताकदीने केलेल्या पहिल्या सात-आठ सेकंदांना स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन पैसे पुरवतं. ते संपलं की अर्धं भरायला साधारण अर्धा मिनिट लागतं आणि पूर्ण भरायला काही मिनिटं. फ्लँकरला काही मिनिटं देतंय कोण, टॅकल केला, उठला, दहा सेकंदांत पुढची धडक, गल्ला भरायच्या आत परत खर्च. म्हणून ८० मिनिटांत २८ हा आकडा अर्धवट आहे, ते २८ कसे आले, सुटे सुटे की लागोपाठ पाच, यावर दमणं ठरतं. माझ्या मते बॅक रोवाल्याचं खरं माप म्हणजे पडल्यापासून परत बचावाच्या लाइनीत उभं राहीपर्यंतचे सेकंद, आणि ते सत्तराव्या मिनिटाला मोजायचे.

अटॅकमध्ये पण तेच रडगाणं. बॉल घेऊन मीटर किती काढले म्हणे! फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे उभा असणारा, किक झेलून मोकळ्या मैदानात ३० मीटर पळतो, कोणी शिवत पण नाही. नंबर एट स्क्रमच्या मागून बॉल उचलून तिघांच्या अंगावर जातो आणि दोन मीटर काढतो, ते दोन मीटर सोन्याचे. सव्हियाची कमाल तीच आहे, अंगाने तो मोठ्या नंबर एटांपैकी नाहीच, पण धडक बसल्यानंतरसुद्धा त्याचे पाय थांबत नाहीत. धडकेनंतरचे मीटर वेगळे मोजले की असले लोक वर येतात.

आणि काही कामं न केल्याची असतात. पडलेल्या माणसाकडून बॉल हिसकायचा, ज्याला जॅकल म्हणतात, त्यासाठी स्वतःच्या पायांवर उभं राहून, कंबरेतून वाकून, समोरचे पोचायच्या आत हात बॉलवर लागले पाहिजेत. प्रत्येक रकमध्ये घुसणारा फ्लँकर कामसू दिसतो पण अर्ध्या वेळा फुकट पेनल्टी देतो. ज्याने बघितलं, उशीर झालाय हे ओळखलं आणि बाहेर लाइनीत उभा राहिला, त्याच्या नावापुढे काहीच लिहिलं जात नाही.

यावर दादा म्हणाला, ते तू मोजणार कशी? मग गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं छत्री घेऊन आझाद मैदानाच्या बाजूने बॉम्बे जिमखान्याच्या कुंपणाशी उभे राहिलो, १९३३ साली भारतातली पहिली क्रिकेट टेस्ट झाली ते हेच मैदान, पावसाळ्यात तिथे रग्बी. ठरलं असं की बॉलकडे बघायचंच नाही, फक्त एक फ्लँकर बघायचा, दहा मिनिटं. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दादा सेकंद मोजत होता, पडला, उठला, चार, पडला, उठला, सहा. मधेच मागून मोठी आरडाओरड झाली, कोणीतरी ट्राय केला होता, म्हणजे गोललाइनपलीकडे बॉल टेकवला होता, आम्ही दोघांनी पण बघितला नाही. दादा म्हणाला, गप, आत्ता नऊ झाले.