कॉन्फिगरेशन की लिंक्ड डायमेन्शन, असेंब्लीत कुठे काय?

सॉलिडवर्क्सवर (३डी डिझाईनचं सॉफ्टवेअर) नवीन असताना या दोघांत हमखास घोळ होतो, कारण दोन्हीने माप बदलतं आणि वरवर काम सारखंच वाटतं. पण कॉन्फिगरेशन म्हणजे एकाच पार्ट फाईलमध्ये ठेवलेले ठरलेले प्रकार, आणि लिंक म्हणजे एक माप हललं की दुसरं आपोआप त्याच्यामागे जाणार, मग ते ग्लोबल व्हेरिएबलने (नाव दिलेली एक किंमत) बांधा नाहीतर इक्वेशनने (मापांमधलं सूत्र).

समजा दोन प्लेट एम८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टने जोडायच्यात. दोन्हीतल्या होलचं सेंटर अंतर सारखंच पाहिजे, एकीत ८० आणि दुसरीत ८५ मिमी झालं की बोल्ट जाणारच नाही, म्हणून इथे सरळ लिंक. असेंब्लीच्या (पार्ट एकत्र जोडलेली फाईल) इक्वेशनमध्ये एकीचं माप दुसरीला बांधून मोकळं व्हा.

आता प्लेट जाड केली की बोल्टही लांब लागतो, मग त्याची लांबीपण जाडीला लिंक करू असं वाटतं ना? नका करू. हिशेबाने २७.५ मिमी येईल आणि मॉडेल ते निमूट दाखवेल, पण बोल्ट मिळतात २०, २५, ३०, ३५ अशा स्टँडर्ड लांबीचे. म्हणून प्रत्येक लांबीचं एक कॉन्फिगरेशन, साईझ जास्त असतील तर एक्सेलवालं डिझाईन टेबल, म्हणजे सगळ्या साईझ एकाच तक्त्यात. शिवाय त्याच असेंब्लीत एकीकडे २५ आणि दुसरीकडे ३५ चा बोल्ट हवा असेल तर नुसत्या लिंकने ते होतच नाही, एक माप बदललं की तो पार्ट जिथे जिथे बसलाय तिथे सगळीकडे बदलतं. कॉन्फिगरेशन मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं निवडता येतं.

लिंक ओळखायला सोपी, इक्वेशनने चालणाऱ्या मापापुढे सिग्माचं (Σ) चिन्ह दिसतं. कॉन्फिगरेशनचं तसं नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. हाताने केलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये माप ३० करताना मॉडिफाय बॉक्समध्ये (माप टाकायची छोटी खिडकी) 'ऑल कॉन्फिगरेशन्स' राहिलं की २५ आणि ३५ दोन्ही गुपचूप ३०, एरर वगैरे काही नाही. एंटर मारायच्या आधी 'धिस कॉन्फिगरेशन' आहे का बघाच.

आणि बीओएममध्ये (असेंब्लीतल्या पार्टची यादी) दोन्ही लांब्यांना एकच पार्ट नंबर दिसत असेल तर कॉन्फिगरेशन प्रॉपर्टीज उघडा, तिथे पार्ट नंबर 'डॉक्युमेंट नेम' वर असतो तो 'कॉन्फिगरेशन नेम' करा.