जातिवंत मांजराचं पिल्लू घेताय? आधी त्याची आई पाहा

हे पत्रक हातात घेतलंत, म्हणजे बहुधा पर्शियन, मेन कून, ब्रिटिश शॉर्टहेअर, रॅगडॉल अशा एखाद्या जातीचं पिल्लू घरी आणायचं तुमच्या मनात आहे. आमचा फक्त मांजरांसाठीचा छोटा दवाखाना आहे. आम्ही पिल्लं विकत नाही आणि कुठल्याही ब्रीडरकडून कमिशन घेत नाही. तरी हे लिहिलं, कारण पिल्लू घरी आल्यावर आम्हाला जे सांगावं लागतं ते ऐकायला तोवर उशीर झालेला असतो.

एक उदाहरण देतो. एक कुटुंब बुटांच्या खोक्यात मऊ टॉवेल घालून पिल्लू घेऊन आलं. विकणाऱ्याने वय सांगितलं होतं बारा आठवडे. तोंड उघडून पाहिलं तर मागच्या दाढा हिरडीतून नुकत्या डोकावत होत्या. मांजराच्या पिल्लाचे 26 दुधाचे दात साधारण आठव्या आठवड्यापर्यंत आलेले असतात. डोळेही अजून निळसर राखाडी होते. ज्या जातींचे डोळे मोठेपणी तांबूस किंवा पिवळे होतात, त्यांचा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यापासून बदलायला लागतो. म्हणजे पिल्लू जेमतेम सहा आठवड्यांचं होतं. कार्डावर दोन लसींच्या नोंदी होत्या, दोन्ही एकाच पेनाने एकाच वेळी लिहिल्यासारख्या, आणि लसीच्या बाटलीचं स्टिकर कुठेच नव्हतं. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. तपासणीत पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार, निघाला. या आजाराची लक्षणं दिसायला लागणीनंतर साधारण 2 ते 10 दिवस लागतात, त्यामुळे लागण बहुधा जुन्या जागीच झालेली असावी. पाचव्या दिवशी पिल्लू गेलं. मुलांनी त्याचं नावही ठेवलं होतं.

आम्ही एवढंच विचारलं, "त्याची आई पाहिली होती का?" उत्तर आलं, "ती दुसऱ्या घरी आहे म्हणाले."

आई काय काय सांगते

पिल्लू बघायला गेलात की पहिली पाच मिनिटं पिल्लाला हात लावू नका. हे अवघड आहे, आम्हाला माहीत आहे. आधी आई दाखवा म्हणा. व्यायलेली मांजर ओळखू येते: पोटाखाली सडांभोवतीचे केस विरळ झालेले असतात, सड ठळक दिसतात, अंगाने ती जरा उतरलेली असते. पिल्लं तिच्याकडे धावतात, तिच्या शेपटीशी खेळतात. शेजारी नुसतीच एखादी देखणी मांजर आणून बसवली असेल तर हा फरक लगेच जाणवतो.

मग तिचा स्वभाव पाहा. अनोळखी माणूस पाहून ती थोडी सावध होईल, ते ठीक. पण मालकाच्या हातालाही बिचकत असेल, पलंगाखालून बाहेरच येत नसेल, तर पिल्लांनी तिच्याकडून तेच उचललेलं असतं. तिचे डोळे, नाक, कान, केस पाहा. तिच्या नाकातून पाणी येत असेल तर पिल्लाचं नाक आज कोरडं आहे याला फारसा अर्थ नाही.

आणि हे जरूर विचारा: हे तिचं कितवं वेत, आणि आधीचं कधी झालं? मांजर साधारण 63 ते 67 दिवस गाभण राहते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणजे ज्याला नुसती पिल्लंच काढायची आहेत त्याला वर्षातून दोन-तीन वेतं काढता येतात. चांगला ब्रीडर तसं करत नाही; तो तिला मध्ये सावरू देतो आणि एका टप्प्यावर नसबंदी करून थांबवतो. अशा निवृत्त मांजरींना कधीकधी नवं घर हवं असतं, हेही विचारून ठेवा. तीन-चार वर्षांची, स्वभाव कळलेली, तपासण्या झालेली मांजर पुष्कळ घरांना पिल्लापेक्षा जास्त मानवते.

बाप तिथे नसेल तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. अनेक ब्रीडर बोका दुसऱ्याकडचा वापरतात. मात्र त्या बोक्याचे रिपोर्ट आणि फोटो त्यांच्याजवळ असलेच पाहिजेत.

घरात वाढलंय की पिंजऱ्यात

मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा सर्वांत महत्त्वाचा काळ म्हणजे दुसरा ते सातवा आठवडा. या दिवसांत ज्याला रोज हातात घेतलं, ज्याने भांड्यांचा आवाज, व्हॅक्यूम क्लीनर, लहान मुलं, दारावरची बेल हे सगळं ऐकलं-पाहिलं, ते मोठेपणी धीट होतं. पिल्लू तुमच्याकडे येईल तेव्हा हा काळ उलटून गेलेला असेल. पुढे तुम्ही कितीही माया केलीत तरी हे काम ब्रीडरनेच करायचं असतं. म्हणून पिल्लं कुठे झोपतात, कुठे खेळतात, दिवसातून किती वेळ माणसांत असतात हे तुमच्या डोळ्यांनी पाहा. घराच्या मागे रांगेने पिंजरे असतील आणि तुम्हाला "इथेच थांबा, आणून दाखवतो" असं म्हणत असतील, तर तिथून निघा.

वयाबद्दलही ठाम राहा: बारा आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नका. ब्रिटनची जीसीसीएफ ही नोंदणी संस्था तर तेरा आठवडे सांगते. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली सुमारे 5,700 मांजरांची माहिती तपासली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त आढळला. चावणं कुठे थांबवायचं, नखं कधी आत घ्यायची हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. एकुलतं वाढलेलं पिल्लू तुमच्या हातावर हे धडे गिरवतं.

कागद दोन प्रकारचे असतात

आमच्याकडे येणारे लोक अभिमानाने वंशावळ दाखवतात, आणि त्यांना वाटतं की तब्येतीचीही खात्री झाली. तसं नसतं. सीएफए (1906), जीसीसीएफ (1910), फिफे (1949), टिका (1979) या जुन्या नोंदणी संस्था. यांपैकी एखाद्या संस्थेचं नोंदणीपत्र म्हणजे पिल्लाच्या आजोबा-पणजोबांचा दाखला. तो हवाच, आणि त्यावरचा क्रमांक त्या संस्थेकडे विचारून ताडून घ्या. नुसत्या छापील शिक्क्यावर जाऊ नका. पण पिल्लाच्या हृदयात किंवा मूत्रपिंडात काय आहे हे त्या कागदावर नसतं. त्यासाठी आई-बापाच्या तपासण्यांचे रिपोर्ट वेगळे मागावे लागतात, आणि ते कोणते मागायचे हे जातीवर ठरतं.

पर्शियन आणि तिच्यापासून तयार झालेल्या जाती घेताना पीकेडीची जनुक चाचणी विचारा. या आजारात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात, त्या वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात, आणि मांजर ऐन उमेदीत असताना मूत्रपिंडं निकामी होतात. चाचणी येण्याआधीच्या काळात अनेक देशांतल्या पाहण्यांत तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त पर्शियन मांजरांत हा दोष सापडत होता. यामागचं जनुक 2004 साली सापडलं. आई किंवा बाप, एकाकडून जरी दोष आला तरी आजार होतो. म्हणजे दोघांचे रिपोर्ट निर्दोष असतील तर पिल्लाची या आजारापुरती काळजी मिटते. इतकी सोपी, एकदाच करायची तपासणी ज्याने केलेली नाही, त्याच्याकडून पर्शियन घेऊ नका असं आम्ही स्पष्ट सांगतो.

मेन कून आणि रॅगडॉलचं प्रकरण थोडं अवघड आहे. या जातींत हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा आजार आढळतो, त्याला एचसीएम म्हणतात. मेन कूनमधलं दोषी जनुक 2005 साली सापडलं, रॅगडॉलमधलं 2007 साली, आणि दोन्हींची चाचणी होते. पण चाचणी निर्दोष आली तरी मांजराला दुसऱ्या कारणाने एचसीएम होऊ शकतो, आणि मांजर दोन वर्षांचं होईपर्यंत तो दिसेलच असं नाही. म्हणून चांगला ब्रीडर जनुक चाचणीवर थांबत नाही. पैदाशीच्या मांजरांचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दर वर्षी-दीड वर्षाने करून घेतो. रिपोर्टवर तारीख पाहा. चार वर्षांपूर्वीचा इको आजच्या हृदयाबद्दल काही सांगत नाही. ब्रिटिश शॉर्टहेअरसाठीही इको मागाच.

ब्रिटिश शॉर्टहेअर आणि डेव्हन रेक्समध्ये बी रक्तगट बराच आढळतो. आई बी गटाची आणि पिल्लं ए गटाची असली तर पहिल्या दिवसाच्या दुधातूनच पिल्लांच्या रक्तपेशी फुटायला लागतात. तुम्ही नेणार ते पिल्लू यातून सुटलेलं असेल, तरीही हा प्रश्न विचारा. आपल्या मांजरांचे रक्तगट ज्याला पाठ आहेत, तो आपलं काम मन लावून करतो एवढं समजतं. अबिसिनियनसाठी पीके डेफिशियन्सी (लाल रक्तपेशी लवकर फुटून रक्त कमी होणारा आनुवंशिक आजार) आणि पीआरए (डोळ्यांची नजर हळूहळू जाणारा आनुवंशिक आजार) यांची चाचणी विचारा.

स्कॉटिश फोल्डबद्दल मात्र आमचा सल्ला एकच: घेऊ नका. कुठल्याही ब्रीडरकडून नको. या जातीची सुरुवात 1961 साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सापडलेल्या दुमडक्या कानांच्या मांजरीपासून झाली. ज्या दोषामुळे कानाची कूर्चा दुमडते तोच दोष सांध्यांतही असतो. पाय आखडतात, शेपूट ताठरते, उडी मारणं दुखायला लागतं. जीसीसीएफने 1970च्या दशकातच या जातीची नोंदणी थांबवली. "सरळ कानांच्या बोक्याशी जोडी लावली, त्यामुळे त्रास नाही" असं सांगतात. पण दुमडलेला कान म्हणजेच दोष उतरलेला आहे. आमच्याकडे येणारी फोल्ड मांजरं शांत असतात, सगळे कौतुकाने सांगतात. त्यांतल्या काहींना वेदनेवरचं औषध सुरू केल्यावर ती पहिल्यांदा सोफ्यावर चढली, हे आम्ही पाहिलं आहे.

चपट्या चेहऱ्याची पर्शियन आवडत असेल तर त्यातल्या त्यात लांब नाकाची निवडा. पिल्लू झोपलेलं असताना जवळ कान नेऊन ऐका. घोरणं, शिट्टीसारखा आवाज, उघडं तोंड हे "गोड" वाटलं तरी श्वासाचा त्रास आहे. आणि "टीकप" म्हणून अगदी चिमुकली मांजरं विकतात, पण त्या नावाची कुठलीही जात नाही.

ब्रीडर तुम्हाला प्रश्न विचारतो का

तुम्ही दिवसभर बाहेर असता का, खिडक्यांना जाळ्या आहेत का, घरात आणखी कोणता प्राणी आहे, भाड्याच्या घरात मांजर चालेल का, असं खोदून विचारणारा माणूस भेटला तर राग मानू नका. त्याला पिल्लाची काळजी आहे. बहुधा तो तुम्हाला थांबायलाही लावेल, कारण त्याच्याकडे बाराही महिने पिल्लं नसतात. लेखी करारात तो दोन गोष्टी घालेल: ठरलेल्या वयात नसबंदी, आणि काही कारणाने मांजर सांभाळता आलं नाही तर ते त्याच्याकडेच परत. ही दुसरी अट ज्याच्या करारात आहे त्याच्यावर आमचा जास्त विश्वास बसतो.

उलट, "आणखी तिघं मागतायत, आज अ‍ॅडव्हान्स पाठवा" असं म्हणणाऱ्याला पैसे पाठवू नका. नुसत्या फोटोंवर व्यवहार तर कधीच नको. तेच फोटो चार जाहिरातींत सापडतात. व्हिडिओ कॉल करा आणि तुम्ही सांगाल तसं दाखवायला लावा: पिल्लाला आईजवळ ठेवा, कॅमेरा खोलीभर फिरवा. खरा माणूस हसत दाखवतो.

एक गोष्ट सांगताना आम्हालाही जड जातं. घाणेरड्या जागी, चिकट डोळ्यांचं, हाडं लागणारं पिल्लू पाहिलं की त्याला तिथून सोडवावंसं वाटतं. पण तुम्ही पैसे मोजलेत की त्या रिकाम्या पिंजऱ्यात पुढच्या वेताचं पिल्लू येतं, आणि त्या मांजरीला पुन्हा गाभण केलं जातं. अशा जागेची तक्रार प्राणी कल्याणाचं काम करणाऱ्या संस्थेकडे करा. नेमकं काय पाहिलंत ते लिहून द्यायला आम्ही मदत करू.

पैसे देण्याआधी आणि घरी आणल्यावर

ब्रीडरने दिलेले रिपोर्ट आमच्याकडे घेऊन या किंवा फोटो पाठवा. आम्ही वाचून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही. पिल्लू घरी आलं की दोन-तीन दिवसांत तपासणीला आणा, आणि घरात दुसरं मांजर असेल तर निदान दोन आठवडे दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू होतं आणि शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर असतो. म्हणजे बाराव्या आठवड्यात "सगळ्या लसी झाल्या" असं कार्डावर लिहिलेलं असलं तरी एक डोस बाकी असतो.

येताना लसीचं कार्ड, जंतांच्या औषधाच्या तारखा, ब्रीडर जे खायला घालत होता त्याचं नाव, आणि त्याच दिवशीची थोडी शी झाकणाच्या डबीत आणा. आईच्या अंथरुणाचा एखादा तुकडा ब्रीडरने दिला असेल तर तोही टोपलीत घाला. तपासणीच्या टेबलावर पिल्लू त्याच्यावरच बसतं.