वॉरंटी आणि मोफत सर्व्हिस: ऑइलचं बिल कोणत्या खात्यात?

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर दोन वाक्यं हटकून ऐकू येतात. पहिलं गाडीमालकाचं: ‘गाडी वॉरंटीत आहे ना, मग ऑइलचे पैसे कसले?’ दुसरं काउंटरपलीकडून येणारं: ‘ऑइल बाहेर बदललंत, आता वॉरंटी गेली.’ दोन्ही वाक्यं चूक आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. वॉरंटी आणि मोफत सर्व्हिस ही दोन वेगळी वचनं एकाच गाडीबरोबर, एकाच प्लास्टिकच्या फोल्डरमधून हातात पडतात. मग ती एकच वाटायला लागतात. पहिल्या गैरसमजात माणसाचं फार तर एका बिलापुरतं भांडण होतं. दुसऱ्यात तो ‘वॉरंटी गेली’ हे मुकाट्याने मान्य करतो आणि जे इंजिन कंपनीने दुरुस्त करून द्यायला हवं होतं त्याचा खर्च स्वतः भरतो. या दुसऱ्या माणसासाठी मी हे लिहितो आहे.

वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेला शब्द: गाडीच्या मालात किंवा जोडणीत दोष निघाला तर तो आम्ही आमच्या खर्चाने काढून देऊ. काहीतरी बिघडेपर्यंत ती नुसती कागदावर असते. मोफत सर्व्हिसला बिघाडाची गरजच नसते. ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेले महिने झाले की गाडी न्यायची आणि तक्त्यात लिहिलेली कामं करून घ्यायची. तिचा खर्च कंपनीने आधीच हिशेबात धरलेला असतो, म्हणून मी तिला आगाऊ पैसे भरलेली देखभाल समजतो. वॉरंटीच्या वादात विचारायचा प्रश्न असतो, ‘हे का बिघडलं?’ मोफत सर्व्हिसच्या वादात विचारायचं, ‘या भेटीत काय काय करायचं ठरलं होतं?’ पहिल्याचं उत्तर गाडी उघडून तपासल्यावर मिळतं, दुसऱ्याचं गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतल्या तक्त्यात.

दोघांच्या मुदतीही वेगळ्या असतात. अमेरिकेत टोयोटा नव्या गाडीवर ठरावीक देखभाल २ वर्षं किंवा २५,००० मैल मोफत देते. तिथेच गाडीची सर्वसाधारण वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६,००० मैलांची आणि इंजिन-गिअरबॉक्सची ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची असते. बीएमडब्ल्यूने तिथे २०१७ च्या मॉडेलपासून मोफत देखभाल ४ वर्षांवरून ३ वर्षांवर आणली, पण वॉरंटी ४ वर्षं किंवा ५०,००० मैलांचीच ठेवली. म्हणजे चौथ्या वर्षी त्या गाडीचा मालक ऑइलचे पैसे देतो आणि तरीही तिचं इंजिन पूर्ण वॉरंटीत असतं. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. एक वचन संपलंय, दुसरं चालू आहे.

‘मोफत’ या शब्दाचाही अर्थ सगळीकडे एक नाही. भारतात नव्या गाडीच्या पहिल्या काही सर्व्हिस मोफत म्हणतात तेव्हा बहुतेक कंपन्यांकडे लेबर तेवढं मोफत असतं. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, कूलंट यांचे पैसे वेगळे लागतात. अमेरिकेतल्या वर सांगितलेल्या योजनांमध्ये ऑइल आणि फिल्टरही धरलेले असतात. त्यामुळे एका देशातला अनुभव दुसऱ्या देशातल्या माणसाने आपल्या बिलाला लावला तर भांडण ठरलेलंच. शिवाय ठरल्या कामांच्या जोडीला व्हील अलाइनमेंट, इंजिन फ्लश, एसीची साफसफाई अशी कामं सुचवली जातात. ती तक्त्यात नसतील तर ती ना मोफत सर्व्हिसची, ना वॉरंटीची. ती घ्यायची की नाही हे मालकाने ठरवायचं. नकार दिल्याने वॉरंटीला धक्का लागेल असं कुणी सांगितलं, तर पुस्तिकेतलं ते कलम दाखवायला सांगावं.

आणखी एक खाचखळगा तारखेचा. ‘१०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, जे आधी होईल ते’ हे वाक्य सगळे वाचतात, पण कमी चालणाऱ्या गाडीचा मालक किलोमीटरच मोजत बसतो. वर्ष उलटतं, मोफत सर्व्हिसची मुदत सरते. ती संधी हातची गेली हे खरं आणि तिचे पैसे परत मिळत नाहीत. एवढ्याने वॉरंटी आपोआप संपत मात्र नाही.

आता ऑइलकडे येतो, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे. ऑइल हा खपणारा पदार्थ. ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर यांच्यासारखाच. वापरामुळे ते खराब झालं तर तो मालाचा दोष म्हणता येत नाही, म्हणून नेहमीची ऑइल बदली वॉरंटीत बसत नाही. पण इंजिनच्या गॅस्केटमधून, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातल्या पट्टीतून, गळती लागली आणि ते बदलताना ऑइल काढून नवं भरावं लागलं, तर ते नवं ऑइल वॉरंटीच्या दुरुस्तीचा भाग असतं आणि कंपनीच्या खात्यात जातं. इंजिन तेच, ऑइल तेच, खातं मात्र कारणाप्रमाणे बदलतं. काउंटरवर हा फरक ठामपणे सांगता आला तर अर्धे वाद तिथेच मिटतात.

दोन सर्व्हिसच्या मध्ये ऑइलची पातळी खाली गेली तर? वरून घातलेलं ऑइल साधारणपणे आपल्याच खर्चाचं. पण इंजिन ऑइल पीत असेल, तर तो दोष आहे की नाही हा वॉरंटीचा प्रश्न होतो. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत १,००० किलोमीटरला अर्धा ते एक लिटर ऑइल जळणं चालण्यासारखं धरलेलं असतं. हा आकडा मालकाला धक्कादायक वाटतो, मलाही तो फार सैल वाटतो, पण वाद त्याच आकड्यावर होतो. अशा वेळी ‘खूप पितं’ म्हणून उपयोग नाही. ऑइल खपाची चाचणी मागायची. पातळी पूर्ण भरून ओडोमीटरचा आकडा लिहितात, ठरावीक अंतरानंतर पुन्हा मोजतात. मोजलेला आकडा कागदावर आला की बोलणं सोपं होतं.

ऑइल वेळेवर का बदलायचं याचं उत्तर इंजिनच्या आत आहे. उष्णतेने ऑइलचं ऑक्सिडेशन होतं. त्यात मिसळलेली झीज रोखणारी आणि मळ धरून ठेवणारी रसायनं संपत जातात. गाडी फक्त दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी वापरली तर इंजिन पुरतं तापत नाही, मग पाण्याची वाफ आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्येच राहतं. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीलाही महिन्यांची मर्यादा असते. हे सगळं दुर्लक्षिलं की ऑइल घट्ट होऊन काळा गाळ बनतो, बारीक वाटा बुजतात आणि बेअरिंगपर्यंत ऑइल पोचत नाही.

गाळ सापडला की कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेलं: तुम्ही ऑइल बदललं नाही. हे उत्तर कधी खरं असतं, कधी नसतं. याचा मोठा दाखला अमेरिकेत घडला. टोयोटा आणि लेक्ससच्या १९९७ ते २००२ या काळातल्या काही इंजिनांमध्ये असा गाळ साचल्याच्या तक्रारी वाढल्या. कंपनीचं म्हणणं होतं की मालकांनी देखभालीत कुचराई केली. मालकांचं म्हणणं होतं की आम्ही वेळच्या वेळी ऑइल बदललं. अखेर २००२ मध्ये कंपनीने सुमारे ३३ लाख गाड्यांसाठी खास संरक्षण जाहीर केलं: पहिल्या विक्रीपासून ८ वर्षं, किलोमीटरची मर्यादा नाही. पण मालकाने ऑइल बदलीची वाजवी काळजी घेतल्याचा पुरावा दाखवायचा होता. अशा प्रसंगात एका जुन्या पावतीचं मोल किती होतं, याचा विचार करा.

इथे ती विचित्र साखळी दिसते. ऑइल बदली वॉरंटीत मोडत नाही, पण ऑइल बदलीचा पुरावा वॉरंटीचा आधार होतो. मोफत सर्व्हिस चालू असेपर्यंत हा पुरावा सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत आपोआप राहतो. ती संपली की नोंद ठेवणं आपल्याकडे येतं, आणि नेमकं तेव्हाच लोक पावत्या टाकून देतात.

मग बाहेर ऑइल बदललं तर वॉरंटी जाते का? या बाबतीत कायदा ग्राहकाच्या बाजूचा आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायद्याप्रमाणे कंपनीला ‘आमच्याच ब्रँडचं ऑइल, आमच्याच केंद्रातली सर्व्हिस, नाहीतर वॉरंटी नाही’ अशी अट घालता येत नाही. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने खास सूट दिली असेल तो प्रसंग सोडला, तर या नियमाला एकच मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या विषयाच्या मर्मावर बोट ठेवतो: ती वस्तू किंवा सेवा वॉरंटीच्या अटींनुसार फुकट दिली जात असेल तर अट चालते. म्हणजे फुकट देणाराच ‘इथेच करून घ्या’ म्हणू शकतो. पैसे घेणारा नाही. हा तर्क मला अगदी न्याय्य वाटतो.

मार्च २०१५ मध्ये याच कमिशनने बीएमडब्ल्यूच्या मिनी विभागावर आरोप ठेवला की मिनीचेच सुटे भाग आणि मिनीचेच डीलर वापरले नाहीत तर वॉरंटी रद्द होईल असं ग्राहकांना सांगितलं जात होतं. कंपनीने तडजोडीचा आदेश स्वीकारला. युरोपीय आयोगाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनाही याच दिशेच्या आहेत: वॉरंटीबाहेरची नेहमीची देखभाल अधिकृत केंद्रातच केली पाहिजे, अशी अट वॉरंटीला जोडणं स्पर्धेच्या नियमांत बसत नाही. भारतात स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. त्यात सांगितलं होतं की स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. या आदेशाविरुद्ध पुढे अपिलं झाली. पण ‘तेवढ्यापुरतीच’ हा विचार काउंटरवर बोलून दाखवण्यासारखा आहे.

बाहेर ऑइल बदललं आणि पॉवर विंडोची मोटर बंद पडली, तर दोघांचा काही संबंध नाही. ती मोटर वॉरंटीतच. चुकीच्या ग्रेडचं ऑइल घातलं आणि बेअरिंग गेलं, तर संबंध आहे आणि कंपनीने नाही म्हटलं तर तक्रारीला जागा उरत नाही. म्हणून बाहेरचं गॅरेज निवडताना हातोटीइतकंच ऑइलच्या ग्रेडकडे लक्ष हवं. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० (ऑइलचा दाटपणा सांगणारा ग्रेड) लिहिलं असेल तर तेच, आणि त्यासोबत दिलेलं गुणवत्ता मानकही जुळलं पाहिजे. डब्यावरचा ब्रँड कोणता याला तेवढं महत्त्व नाही. पावतीवर गाडीचा नंबर, तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड, किती लिटर आणि फिल्टर बदलल्याची नोंद, एवढं लिहून घ्यावं. स्वतः घरी बदलत असाल तर ऑइल-फिल्टरच्या खरेदीच्या पावत्या आणि ओडोमीटरचा फोटो ठेवा.

पुस्तिकेतला एक रकाना मात्र बहुतेक जण वाचतच नाहीत. देखभालीच्या तक्त्यात साध्या वापराचा एक भाग असतो आणि खडतर वापराचा दुसरा: सतत धूळ, ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास रांगणं, ट्रेलर ओढणं, फक्त छोट्या फेऱ्या. खडतर वापरात ऑइल लवकर बदलायला सांगितलेलं असतं. मोफत सर्व्हिस मात्र बऱ्याच योजनांत साध्या वापराच्या तक्त्यापुरतीच असते. म्हणजे मधली बदली पुस्तिकेला हवी असते आणि तिचे पैसे मालकाने द्यायचे असतात. ‘मोफत सर्व्हिस सगळ्या केल्या, तरी देखभाल कमी पडली कशी?’ हा वाद इथून जन्मतो. मला मालकाची चिडचिड समजते, आणि गाडी देतानाच हे स्पष्ट सांगणं विक्रेत्याचं काम आहे असं माझं ठाम मत आहे.

एक्स्टेंडेड वॉरंटी हे तिसरंच प्रकरण. नावात वॉरंटी असली तरी तो पैसे देऊन घेतलेला वेगळा करार असतो, पुष्कळदा गाडी बनवणाऱ्या कंपनीव्यतिरिक्त कुणाचा तरी. सर्व्हिस कुठे करायची, किती दिवसांच्या आत करायची याच्या त्याच्या अटी जास्त कडक असू शकतात. मूळ वॉरंटीबद्दल वर लिहिलेलं त्याला जसंच्या तसं लावू नका.

नकार मिळालाच, तर तो तोंडी घेऊन परत येऊ नका. जॉब कार्डावर (गाडी घेताना सर्व्हिस सेंटर कामं लिहून घेतं त्या कागदावर) आपली तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावा. नकार लेखी मागा आणि त्यात दोन गोष्टी असू द्या: कोणत्या कलमाखाली नाकारलं, आणि कोणत्या देखभालीच्या उणिवेमुळे कोणता भाग कसा बिघडला. इंजिन उघडलं असेल तर काढलेले भाग टाकून देऊ नका असं लिहून द्या आणि त्यांचे फोटो काढून घ्या. ऑइल काढण्याआधी त्याचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन त्यावर तारीख घाला. ते कोणत्या ग्रेडचं होतं आणि किती खराब झालं होतं याबद्दल प्रयोगशाळा पुष्कळ काही सांगू शकते. ते ऑइल एकदा काढून फेकलं की हा पुरावा पुन्हा मिळत नाही, म्हणून बाटली पहिल्याच दिवशी भरून घ्या.