‘विद्यार्थी-खेळाडू’ या शब्दामागचा इतिहास

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना मोबदला द्यावा की नाही, हा वाद अलीकडचा वाटत असला, तरी या खेळांत पैसा अगदी आरंभापासून होता. १८५२ मध्ये हार्वर्ड आणि येल यांच्यात झालेली नौकाशर्यत ही तिथली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मानली जाते आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. पुढे अमेरिकन फुटबॉल या धसमुसळ्या खेळाच्या मैदानावर मुले दगावू लागली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०५ मध्ये महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना पाचारण केले आणि त्यानंतरच्या हालचालींतून १९०६ मध्ये महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या आजच्या एनसीएए या राष्ट्रीय संघटनेचा पाया घातला गेला. खेळाडू हौशीच असावा, हा तिचा दंडक होता. तो सर्रास मोडला जाई. अखेर १९५६ मध्ये संघटनेने निव्वळ खेळातील गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देण्यास मान्यता दिली.

खरी कलाटणी मात्र कर्मचाऱ्यांना कामावरील दुखापतीसाठी मिळणाऱ्या नुकसानभरपाईच्या दाव्यांनी दिली. डेन्व्हर विद्यापीठाच्या एका खेळाडूला फुटबॉलच्या सरावात पाठीची दुखापत झाली. विद्यापीठाने त्याला दिलेले काम खेळण्याशी जोडलेले होते, म्हणून तो कर्मचारी ठरतो, असा निकाल कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये दिला. त्याच राज्यात १९५५ मध्ये दुसऱ्या महाविद्यालयाचा एक खेळाडू सामन्यातील डोक्याच्या दुखापतीने मरण पावला, तेव्हा त्याच्या पत्नीचा दावा त्याच न्यायालयाने १९५७ मध्ये फेटाळला. महाविद्यालय फुटबॉलचा व्यवसाय करत नाही, हे त्यामागचे कारण होते. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द याच काळात रूढ करण्यात आला. खेळाडूंना कर्मचारी ठरवले जाईल या धास्तीपोटी आपण तो घडवला आणि नियमांत सक्तीने रुजवला, असे संघटनेचे दीर्घकाळ कार्यकारी संचालक राहिलेले वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ मध्ये लिहिले. हौशीपणाचे तत्त्व म्हणून जे मिरवले गेले, त्यात जबाबदारी टाळण्याचा हिशेब किती होता, हे या कबुलीवरून स्पष्ट होते.

१९८४ मध्ये फुटबॉलच्या दूरचित्रवाणी हक्कांवरील संघटनेची मक्तेदारी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडली आणि महाविद्यालयांकडे पैशाचा ओघ वाढला. मात्र खेळाडूंना मोबदला देऊ नये, असे विधान त्याच निकालात ओघात आले होते आणि संघटनेने पुढची कित्येक वर्षे ते ढालीसारखे वापरले. व्हिडिओ गेममध्ये आपलीच प्रतिमा विकली जात असल्याचे पाहून माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांनी २००९ मध्ये दावा दाखल केला, तेव्हा या ढालीला तडा जाऊ लागला. जून २०२१ मध्ये, अल्स्टन या माजी खेळाडूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात, शैक्षणिक लाभांवरील संघटनेची बंधने सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अवैध ठरवली. पाठोपाठ १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व छबीवर कमाई करण्याची मुभा मिळाली. खेळाडूंनी संघटनेविरुद्ध लढलेल्या आणखी एका खटल्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार जुन्या-नव्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई द्यायची असून, महाविद्यालये खेळाडूंना थेटही पैसे देऊ शकतात. २०२५-२६ या पहिल्या वर्षासाठी अशा थेट पैशांची मर्यादा प्रत्येक महाविद्यालयाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. तरीही खेळाडू कर्मचारी आहे की नाही, हा कोलोराडोतील त्या दाव्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न या तडजोडीने सोडवलेला नाही.