इंटरकूलर पंखा

टर्बोचार्जरने (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राने) दाबलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी इंटरकूलरमध्ये गार होते. त्या इंटरकूलरवर बसवलेल्या विजेच्या पंख्याला इंटरकूलर पंखा म्हणतात. गाडी वेगात असताना समोरून येणारा वारा हे काम फुकट करतो. सिग्नलला, रेंगाळत्या वाहतुकीत किंवा भार घेऊन घाट चढताना तो वारा मिळत नाही. पंख्याची गरज असलीच तर ती तिथे. महामार्गाच्या वेगात तो बहुधा निरुपयोगी असतो, कधी कधी तर अडथळाच.

हवा दाबली की तापते. बाहेर 30 अंश सेल्सिअस असताना टर्बोने 1 बार बूस्ट दिला, म्हणजे हवा वातावरणाच्या दुप्पट दाबावर नेली, तर आदर्श कॉम्प्रेसरमधूनही (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातूनही) ती सुमारे 96 अंशांवर बाहेर पडेल. प्रत्यक्षात कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर तापमान 125 अंशांच्या आसपास जाते. गरम हवा विरळ असते. दाब तोच राहिला तर तापमानातल्या दर 10 अंशांच्या घटीमागे घनता साधारण 3 टक्क्यांनी वाढते आणि तेवढा जास्त ऑक्सिजन सिलिंडरमध्ये जातो. पेट्रोल इंजिनात गरम हवेमुळे नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठोके बसण्याचा, धोका वाढतो. तो टाळायला इसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद घटते. डिझेलमध्ये एक्झॉस्टचे तापमान चढते.

पंखा लागणार की नाही, हे इंटरकूलरच्या जागेवर ठरते. बंपरमागे, रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या इंटरकूलरला वेगळा पंखा सहसा लागत नाही, कारण रेडिएटरचा पंखा पुढच्या सगळ्याच जाळ्यांमधून हवा ओढतो. ट्रकमध्येही हीच मांडणी असते. फक्त तिथला मोठा पंखा अनेकदा इंजिनच फिरवते. खरी अडचण इंजिनाच्या डोक्यावर बसवलेल्या इंटरकूलरची. त्याला बॉनेटवरच्या स्कूपमधून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या उंचवट्याच्या तोंडातून, वारा मिळतो. गाडी थांबली की वारा बंद होतो आणि खालून इंजिनाची धग लागते. अ‍ॅल्युमिनियमची जाळी तापत राहते. रिकाम्या चालणाऱ्या इंजिनात बूस्ट नसतो, म्हणून त्या क्षणी काही बिघडत नाही. पण हिरवा दिवा लागून पाय दाबला की पहिले काही सेकंद हवा या तापलेल्या जाळीतून जाते.

टोयोटाच्या 3एस-जीटीई या दोन लिटरच्या इंजिनाभोवती हा प्रश्न तीन तऱ्हांनी सोडवलेला दिसतो. सेलिका जीटी-फोर या गाडीच्या एसटी165 पिढीत हवा गार करायला पाणी वापरले होते. एसटी185 च्या प्रचलित आवृत्तीत इंजिनावर इंटरकूलर आणि बॉनेटवर स्कूप आला. एमआर2 या गाडीच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे एसडब्ल्यू20 मध्ये, इंजिन सीटच्या मागे होते. तिथे समोरचा वारा पोचत नाही, म्हणून इंटरकूलर इंजिनाच्या बाजूला ठेवला आणि त्यावर कारखान्यातूनच विजेचा पंखा बसवला. पंखा ही फक्त हौशी मंडळींची जोड नाही, याचा हा चांगला दाखला आहे. भारतात 2009 मध्ये आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरच्या तीन लिटर डिझेल इंजिनावर इंटरकूलर डोक्यावरच होता आणि बॉनेटवरचा स्कूप त्याच्यासाठीच होता. सात माणसे घेऊन खालच्या गिअरमध्ये घाट चढणारी अशी गाडी म्हणजे भरपूर बूस्ट आणि तुटपुंजा वारा.

पंख्याकडून अपेक्षा किती ठेवावी, याचा हिशेब सोपा आहे. 12 इंची पंखा मोकळ्या हवेत मिनिटाला सुमारे 28 घनमीटर हवा हलवतो असे धरले, तर पात्यांच्या वर्तुळातून हवा ताशी सुमारे 23 किलोमीटरने जाते. पुढे दाट जाळी आली की हा आकडा बराच खाली येतो. जाहिरातीत मात्र मोकळ्या हवेतलाच छापलेला असतो. शिवाय पंखा हवा हलवतो, गार करत नाही. बॉनेटखालची तापलेली हवाच तो फिरवू लागला तर बंद खोलीतल्या टेबलफॅनसारखी गत होते. म्हणून बाहेरची हवा आणणारा मार्ग आणि स्कूपभोवतीचे रबर सील धड नसतील, तर आधी ते दुरुस्त करावे. त्यावर केलेला खर्च पंख्यापेक्षा सहसा जास्त फळतो.

जाळीमागून हवा ओढणारा पंखा पुढून ढकलणाऱ्यापेक्षा सरस मानला जातो, कारण पुढचा पंखा वेगात येणाऱ्या वाऱ्याच्या आड येतो. मागे जागाच नसेल तर मात्र इलाज नाही. भोवती श्राउड, म्हणजे पंखा आणि जाळी यांमधली फट झाकणारे आवरण, हवे. ते नसेल तर पात्यांसमोरच्या भागातूनच हवा जाते आणि कोपरे तसेच गरम राहतात. मोटरच्या तारा उलट जोडल्या तर पंखा उलटा फिरतो आणि स्कूपमधून येणाऱ्या वाऱ्याशीच झगडतो. सुमारे 10 अँपिअर घेणाऱ्या पंख्याला रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज आणि पुरेशी जाड वायर लागते. अल्टरनेटरमधली तूट धरूनही इंजिनावरचा बोजा अर्ध्या अश्वशक्तीच्या आतच राहतो. नियंत्रण तापमानाच्या स्विचने केलेले बरे. वेगाचा सिग्नल मिळत असेल, तर ताशी 50-60 किलोमीटरच्या पुढे पंखा बंद ठेवता येतो. समोर बसवलेला पंखा खोल पाण्यातून जाण्यापूर्वी बंद करावा. पाण्याच्या माराने पाती वाकून जाळीला लागू शकतात.

पंखा कितीही मोठा असला तरी इंटरकूलरमधली हवा भोवतालच्या हवेपेक्षा गार होत नाही. सुबारूच्या एसटीआय आणि मित्सुबिशीच्या लान्सर इव्होल्यूशनमध्ये म्हणून वेगळी वाट धरली गेली. तिथे इंटरकूलरवर पाण्याचा फवारा येतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. मात्र टाकी रिकामी झाली की फवारा थांबतो, आणि ती चालकालाच भरावी लागते.